ट्रॉली जोडण्यापूर्वी

चैत्र लागला, की बैरसिया मार्गावरून करोंदच्या मंडीकडे गव्हाच्या ट्रॉल्यांची जी अखंड रांग लागते, ती पाहून परगावाहून भोपाळास आलेल्या पाहुण्याचा असा ग्रह व्हावा, की ट्रॅक्टरमागे ट्रॉली लावून ती हमरस्त्याने नेणे ही मुळी शिकण्याची गोष्टच नव्हे. येथील मनुष्य ती विद्या जन्मतःच बरोबर घेऊन येत असावा. चालक आसनावर किंचित तिरपा बसलेला असतो. त्याचा एक हात स्टिअरिंगवर व दुसरा मोबाइलसह कानाशी असतो. डाव्या मडगार्डावर एक मेहुणा व उजव्या मडगार्डावर दुसरा विराजमान असतो. आणि डोक्यावरचा कर्णा अशा मुक्त कंठाने गात असतो, की मागची ट्रॉली वाटेत सुटून पडली, तर तिची वार्ता मालकास मंडीच्या दरवाज्यातच कळावी. त्या ट्रॉलीत सीहोरकडचा पन्नास-साठ क्विंटल शरबती गहू असतो. म्हणजे ओढणारा दोन टनांचा आणि ओढला जाणारा साडेसहा-सात टनांचा, असा हा विषम संसार रस्त्याने चाललेला असतो, आणि त्यातील दोन टनांच्या पक्षाने मागे वळून पाहिल्याचे फारसे कोणाच्या ऐकिवात नाही.

ओढल्या जाणाऱ्यास आपल्या समाजात प्रतिष्ठा नाही, हे यामागचे खरे कारण होय. ज्या नळ्यातल्या वंगणावाचून गाड्याची यात्रा पहिल्याच मुक्कामाला कुरकुरत संपली असती, त्या नळ्याला आपण फुकटा यात्रेकरू ठरवले आणि 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी म्हण करून त्याची कायमची नाचक्की केली. ट्रॉलीचे दैव याहून फारसे वेगळे नाही. ट्रॅक्टर घेताना घरातील सारे कर्ते पुरुष महिनोन्महिने अश्वशक्ती, रंग, कर्जाचे हप्ते आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर या चारही अंगांनी त्या विषयाची चिकित्सा करतात. ट्रॉली मात्र गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून, निम्मी रक्कम रोख व निम्मी पुढच्या हंगामावर, अशा बोलीने बनवून घेतली जाते. तिला ब्रेक असावेत ही सूचना कोणी केलीच, तर वेल्डिंगवाला त्याच्याकडे कनवाळूपणे पाहतो आणि म्हणतो, "ब्रेक तो ट्रैक्टर में हैं ही।"

वस्तुतः भोपाळच्या मनुष्याने तरी या बाबतीत गाफील राहू नये. जड वस्तू मागे ओढत नेण्यापायी मोठमोठ्या सरदारांची काय अवस्था होते, याचा हिंदुस्थानातील एक ठळक दाखला याच शहराच्या परिसरात घडलेला आहे. १७२८ साली पालखेडच्या मोहिमेत थोरल्या बाजीरावाचा पाठलाग करता यावा म्हणून निजाम-उल-मुल्काने आपल्या अवजड तोफा मागे ठेवल्या, आणि तोफांवाचून तो कोंडीत सापडला. या अनुभवाने शहाणा होऊन १७३७ च्या डिसेंबरात तो भोपाळास आला तो तोफखान्यासह आला, आणि मग त्या तोफांमुळेच त्याला हलता येईना. बाजीरावाच्या स्वारांनी रसद तोडली, चहूकडून वेढा दिला, आणि तोफांच्या आडोशाने दिवसाकाठी जेमतेम कोस-दीड कोसाची मजल मारीत निजाम दोराहापर्यंत पोहोचला, तेथे ७ जानेवारी १७३८ रोजी त्याला तहावर सही करावी लागली. जोडले तरी पंचाईत, सोडले तरी पंचाईत, हा ओढकामातील मूळ पेच निजामाइतक्या किमतीला अन्य कोणी समजून घेतला असेल असे वाटत नाही. बाजीरावाकडे ट्रॉली नव्हती, आणि आमच्या शाळेतील गुरुजी त्याच्या विजयाची जी अनेक कारणे फळ्यावर लिहून देत, त्यांत नेमके हेच राहून गेले होते.

यानंतर भोपाळास जे अवजड सामान ओढून आणले गेले, ते तोफांचे नव्हते, दप्तरांचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, राजधानीचा मान नागपूर-ग्वाल्हेरकडून भोपाळकडे आला, आणि त्या राजधानीमागे जोडलेली शेकडो मराठी कुटुंबे आपापले पाटे-वरवंटे, लोणच्याच्या बरण्या व देवघरे सांभाळीत या तलावांच्या शहरी येऊन दाखल झाली. त्यांच्यासाठी तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर उठले. आणि ज्या शहरात वस्त्यांची नावे 'बारह सौ पचास', 'चौहत्तर बंगले', 'दस नंबर' अशी निव्वळ आकड्यांत सांगण्याचा प्रघात पडला, त्या शहरात हिशेबनीस वृत्तीची आमची मंडळी आश्चर्यकारक रीतीने रमली. आमच्या मामासाहेबांचे वडील याच लोंढ्यातून आले. मामासाहेबांनी स्वतःची उभी हयात वल्लभ भवनात, म्हणजे सचिवालयात, काढली आणि निवृत्त होताच, आयुष्यभर कागदावर ज्या शेतीची टिप्पणी केली ती एकदा प्रत्यक्ष करून पाहावी, या ईर्ष्येने बैरसियाकडे थोडी जमीन, एक जुना ट्रॅक्टर आणि एक दोनचाकी ट्रॉली असा त्रिविध संसार उभा केला.

"शिकायचं काय त्यात?" असे मामासाहेबांचे प्रारंभीचे मत होते. "ओढायचं ट्रॅक्टरनं आहे. मी फक्त वर बसायचंय."

हे मत ज्यांनी धुऊन काढले, त्यांस जुन्या भोपाळात सारे उस्ताद म्हणत. त्यांचे वय सत्तरीच्या घरातले. मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान, आणि तारुण्यात मुंबई-आग्रा मार्गावर ट्रेलर हाकल्याचा अनुभव. मामासाहेब त्यांना 'उस्ताद, आप' असे अदबीने संबोधीत, आणि उस्तादही 'बड़े बाबू' या पलीकडे जात नसत. मात्र शिकवणीतला एखादा मुद्दा फारच हाताबाहेर गेला, म्हणजे त्यांच्यातील अस्सल भोपाळी जागा होऊन 'को खां!' असा उद्गार बाहेर पडे, आणि तो ऐकताच आपली निवृत्तीपूर्व श्रेणी येथे कोणी जमेस धरीत नाही, याची मामासाहेबांस स्वच्छ जाणीव होई.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू करण्याची मुभाच नव्हती. उस्तादांनी ट्रॉलीभोवती प्रदक्षिणा घालावयास लावली, आणि मामासाहेबांनी वहीत 'विषय: ट्राली जोड़ने बाबत, संदर्भ: उस्ताद जी के मौखिक आदेश' असा मथळा टाकून प्रत्येक वस्तूची फर्द तयार केली. टायरांत हवा पुरेशी आहे काय. चाकाचे नट कोणी सैल तर सोडलेले नाहीत. मागच्या फळीची कडी बसते काय, की तीही नायलॉनच्या दोरीवर भरवसा ठेवून आहे. मग ते दोघे पिनेपाशी आले. ट्रॅक्टरच्या मागच्या ओढदांड्याच्या भोकात ट्रॉलीच्या जोखडाचे भोक जुळवून वरून जी लोखंडी पिन सोडतात, ती म्हणजे या साऱ्या व्यवहाराची सनद होय. पण तिच्याकडे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. उस्तादांनी ती उपसली, खिशातल्या फडक्याने तिच्यावरचे काळे वंगण पुसले, आणि उन्हात आडवी धरली. वरच्या टोकाशी दीड अंगठ्याएवढी जाड असलेली ती पिन मध्यभागी बोट बसेल एवढी झिजली होती, आणि त्या खाचेची कड नखाला लागत होती. खालच्या टोकाला जिथे क्लिप असावयाची, तिथे एक वाकवलेला खिळा होता; आणि तो खिळाही पडू नये म्हणून त्याला लाल रंगाचा एक धागा गुंडाळलेला होता, जो बहुधा कुठल्या तरी देवस्थानचा होता.

"पिन अल्लाह के हवाले, धागा भगवान के हवाले," उस्ताद म्हणाले, "और पीछे वाला मोटरसाइकिल पे किसके हवाले?"

दुसऱ्या दिवशी नवी पिन व खरी क्लिप आली. पिन नेहमी वरूनच सोडावी, म्हणजे क्लिप गळाली तरी निदान गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने साक्ष देते. तिच्या जोडीला एक मजबूत साखळी ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत असावी. आणि दोन साखळ्या असतील तर त्या जोखडाच्या खालून एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात, म्हणजे पिन दगा देऊन दांडा निसटलाच तर तो रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ट्रॉली जोडावयाची ती खालच्या ओढदांड्यालाच. हौसेने किंवा आळसाने ती वरच्या एखाद्या जागी जोडली, तर भार ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके आकाशाकडे उठतात आणि यंत्र चालकासह मागे उलथते. हा मुद्दा मामासाहेबांनी वहीत दोनदा अधोरेखित केला.

तिसरा धडा भार भरण्याचा. बैलगाडीच्या काळात आपल्या खेड्यातील पोराटोरांसही ही गोष्ट ठाऊक होती, की माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते व पुढे जास्त भरला तर बैलांच्या मानेवर येते. बैल गेला आणि त्याच्या मानेबरोबर हे ज्ञानही गेले. दोनचाकी ट्रॉलीचा सारा तोल तिच्या एका अक्षावर असतो. मागे भार झाला की ती ओढदांडा वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड कमी होते, आणि वेग येताच ट्रॉली डावी-उजवीकडे डोलू लागते. हे डोलणे एकदा सुरू झाले की मागून येणाऱ्यास ते मौजेचे वाटते, चालकास कळतच नाही, आणि ट्रॉली निर्णय घेऊन मोकळी होते. पुढे फाजील भार झाला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग आज्ञा पाळीनासे होते. सबब भार अक्षाच्या किंचित पुढे असावा. अमेरिकेत, जिथे लोक मोटारीमागे सबंध घर जोडून सुट्टीवर निघतात, तिथे एकूण भाराचा दहावा ते सातवा हिस्सा जोडणीच्या टोकावर यावा असा ठोकताळा आहे. उस्तादांचा ठोकताळा असा, की ट्रॉली भरल्यावर ट्रॅक्टरकडे बाजूने पाहावे, आणि तो नमस्कार करताना दिसला अगर छाती काढून उभा दिसला, तर पोती हलवावीत.

आणि मग ब्रेकचे प्रकरण. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाचा वेगळा व उजव्या चाकाचा वेगळा. शेतात तासाच्या टोकाशी झटकन वळता यावे म्हणून ही सोय असते. रस्त्यावर येताच त्या दोहोंना जोडणारी छोटी पट्टी अडकवून त्यांचा एकच ब्रेक करावयाचा असतो, नाहीतर घाईच्या क्षणी पाय एकाच पेडलवर पडतो आणि ट्रॅक्टर थांबण्याऐवजी वळतो, मागची ट्रॉली मात्र सरळच येत राहते. ही पट्टी पुष्कळ ट्रॅक्टरांवर रंगासकट कोरीच्या कोरी आढळते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. त्यामुळे ट्रॅक्टर थांबला तरी मागच्या सहा-सात टनांस त्याची खबर नसते, आणि ते टन त्याला पाठीमागून रेटीत नेतात. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, ही म्हण ज्याने रचली त्याने ट्रॉली पाहिली नव्हती. येथे पुढच्यास ठेच लागली, की मागचा त्याच्या अंगावर येतो.

"खेंच तो गधा भी लेगा, बड़े बाबू," उस्ताद म्हणत. "रोक के बताओ तो जानें।"

माझ्या मते या सबंध विद्येत शिकण्याजोगे जे काही आहे, ते या एका वाक्यात आहे, आणि भोपाळासारख्या टेकड्यांच्या गावी तर ते वाक्य नाक्यानाक्यावर लावावयास हवे. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स, लालघाटी: येथे सपाटी ही दोन उतारांमधली विश्रांती असते. उतार दिसला की डिझेल वाचवण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये टाकून घरंगळत जाणारे काटकसरी सज्जन मी पाहिले आहेत. अशा वेळी इंजिनचा रोध नाहीसा होऊन सारा भार त्या दोन ब्रेकांवर पडतो, ते तापतात, आणि वाचलेल्या चमचाभर डिझेलचा हिशेब घेण्यास पुष्कळदा मालकाच्या वारसांस यावे लागते. ज्या गिअरात चढ चढावा त्याच गिअरात उतार उतरावा, आणि गिअर उतार लागण्यापूर्वी निवडावा, उतारात नव्हे. वळणांचे शास्त्र त्या मानाने सोपे आहे: ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीने येत नाहीत, आतल्या बाजूने जवळची वाट काढतात, तेव्हा कोपऱ्यावरचा खांब, पानाची टपरी आणि सायकल लावून बोलत उभे असलेले दोन इसम हे सारे ट्रॉलीच्या वाटेत आहेत असे धरून वळण रुंद घ्यावे. जुन्या शहरात पीर गेटच्या आसपास रुंद घ्यावे म्हटले तरी तितकी रुंदी उपलब्ध नाही; तिथे ट्रॉली नेऊच नये.

कायद्याच्या बाबतीत मात्र मामासाहेब उस्तादांस भारी पडले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर ही स्वतंत्र नोंदणीस पात्र अशी वस्तू असून, त्याच्या एकसष्टाव्या कलमात मोठी गोड तरतूद आहे: ट्रेलरचा नोंदणी क्रमांक ओढणाऱ्या वाहनाच्या बाजूवर लावावा, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवर. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरीस जसे एकमेकांचे नाव घ्यावयास लावतात, तद्वत ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडप्याकडूनही सरकारने हा उखाणा सक्तीचा करून घेतला आहे. पण बैरसिया मार्गावरील बहुतेक जोडपी या बाबतीत अद्याप लाजरीच आहेत. परवान्याचाही एक वाद दीर्घकाळ गाजला. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या मनुष्याने मागे ट्रॉली जोडून माल भरला, म्हणजे त्याचा परवाना निष्प्रभ होतो, असा एका विमा कंपनीचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. २००१ साली न्यायालयाने तो अमान्य केला, आणि केवळ ट्रेलर जोडल्याने चालक नालायक ठरत नाही असा निर्वाळा दिला. मामासाहेबांनी या निर्णयाची प्रत काढून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवली. उस्तादांनी ती शांतपणे वाचली व ते म्हणाले, की न्यायालयाने चालकाला नालायक ठरवले नाही ते ठीकच झाले, ते काम रिव्हर्स करते.

ट्रॉली मागे घेणे हा भोपाळात सार्वजनिक कार्यक्रम आहे. वाहनाचे तोंड पुढे असताना ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या चालकाने रिव्हर्स गिअर टाकताच जवळपासच्या चहाच्या टपऱ्या रिकाम्या होतात, आणि एक इसम डावीकडून, एक उजवीकडून, एक अगदी मागून, जिथे तो चालकास कोणत्याही आरशात दिसणे शक्य नाही अशा जागी उभा राहून, 'आने दो, आने दो, आने दो' असा घोष सुरू करतो. या घोषात 'बस' हा शब्द नेहमी भिंतीचा आवाज झाल्यानंतर येतो. रिव्हर्सच्या पहिल्या दिवशी मामासाहेबांच्या सेवेस असे पाचजण हजर झाले. त्यांपैकी एकाच्याही घरी ट्रॉली नव्हती. उस्तादांनी त्या सर्वांस चहा पाजून रस्त्याच्या पलीकडे बसवले आणि मागे एकच माणूस उभा केला, ज्याला चालक पाहू शकेल व जो दिसेनासा होताच चालकाने थांबावे, एवढाच त्याच्याशी करार.

रिव्हर्सचे मर्म असे, की दोनचाकी ट्रॉली डावीकडे जावी असे वाटत असेल, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते. बुद्धीला हे एका मिनिटात पटते आणि हातांना एका हंगामात. यावर उस्तादांची युक्ती अशी: हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर ठेवावा, आणि ट्रॉलीचे बूड जिकडे जावयास हवे तिकडे तो हात सरकवावा, मग उलटसुलट असे काही उरतच नाही. हात अगदी थोडा सरकवावा, कारण ट्रॉली वळू लागली की वळतच जाते, आणि कोन फार झाला की तिचा दांडा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला भिडतो. तसे होईलसे दिसताच पुढे जाऊन सरळ व्हावे व पुन्हा आरंभ करावा. टपरीवरील मंडळी हसतात, पण ती पुढे गेले तरी हसतात व मागे गेले तरी हसतात. चारचाकी ट्रॉलीचे प्रकरण याहून निराळे: तिचा पुढचा अक्ष स्वतःच फिरतो, म्हणून तिथे उलट्याचे पुन्हा उलटे करावे लागते. ती मागे घेऊ शकणारा मनुष्य सचिवालयात असता तर फार वर गेला असता, असे मामासाहेबांचे मत पडले.

या शिक्षणक्रमाचा उत्कर्षबिंदू शेतावर आला नाही. तो एके रात्री गोविंदपुऱ्याकडच्या रस्त्यावर आला. तिथला अवजड विद्युत-यंत्रांचा कारखाना, म्हणजे १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' या नावाने स्थापन झालेले व ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केलेले आजचे भेल, शेकडो मराठी घरांच्या चुली पेटवीत आलेले आहे. आणि तिथून बाहेर पडणारा एखादा प्रचंड ट्रान्सफॉर्मर रस्त्याने निघतो, तेव्हा तो देखावा पाहण्यास मनुष्याने झोप मोडून जावे अशा योग्यतेचा असतो. शंभर टनांहून जड असे ते धूड, त्याखाली ओळीने लागलेली चाकेच चाके, आणि ती सारी वळणावर आपापल्या कोनाने फिरणारी. पुढे ओढणारा पुलर, आणि चढउतारावर मागून सावरून धरणारा दुसरा. पुढच्या पुलरच्या पाठीवर मुद्दाम जड वजन लादलेले असते, कारण स्वतःला वजन नसलेल्या वाहनाची चाके नुसतीच जागच्या जागी फिरतात. दोन्ही बाजूंनी माणसे पायी चालत असतात; कोणी बांबूने तारा वर उचलून धरतो, कोणी वाकून चाकांकडे पाहतो, आणि शिटी वाजली की ते सबंध गाव थांबते. आवाज नाही, कर्णा नाही, मडगार्डावर मेहुणा नाही. उस्ताद पाहता पाहता उठून उभे राहिले.

"इसको कहते हैं तमीज़," ते म्हणाले, आणि पान थुंकण्यासाठी दूर गेले.

त्यापुढे बड्या तलावाच्या बोट क्लबाची गोष्ट किरकोळ वाटेल. पण एक बारकावा तिथला आहे आणि तो मला फार आवडतो. कधी गाड्यावर नाव तर कधी नावेवर गाडा, असे आपण तत्त्वज्ञानाच्या सुरात म्हणतो; पण नाव खरोखरच गाड्यावर घालून जे लोक काठापर्यंत नेतात, ते उतारावर पोहोचताच ट्रेलर लगेच पाण्यात ढकलीत नाहीत, थोडा वेळ थांबतात. प्रवासाने चाकाचे बेअरिंग तापलेले असते. ते एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, पाणी आत ओढले जाते, आणि पुढच्या महिन्यात चाक भर रस्त्यात गुरगुरू लागते. म्हणून आधी चहा, मग पाणी. भोपाळी स्वभावास इतका अनुकूल असा दुसरा तांत्रिक नियम माझ्या पाहण्यात नाही.

हसण्यावारी न नेण्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली. २ जून २०२४ च्या रात्री शेजारच्या राजगड जिल्ह्यात पिपलोदीपाशी वऱ्हाडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली आणि तेरा माणसे गेली. त्यांत मुलेही होती. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटून सव्वीसजण गेले होते. ट्रॉलीला आसन नाही, धरावयास दांडी नाही, स्वतःचे ब्रेक नाहीत; तिच्यात पोती भरली तर ती निदान जागची हलत नाहीत, माणसे मात्र सेल्फीसाठी एका बाजूला जमतात आणि गाण्यासाठी दुसऱ्या. मामासाहेबांच्या पुतण्याचे लग्न ठरले, तेव्हा नवरदेवाच्या मित्रांनी ट्रॉलीची मागणी केली. मामासाहेबांनी अर्ज तोंडीच नामंजूर केला आणि स्वखर्चाने बस ठरवली. त्यावरून घरात जो अबोला झाला, तो लग्न पार पडेपर्यंत टिकला. मामासाहेबांचे बरोबर होते.

तेव्हा वाचकांपैकी ज्यांच्या घरी, सासरी अथवा शेजारी ट्रॉली असेल, त्यांनी उद्या सकाळी एवढे करावे: तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहावे. तिथे मोर असेल, कमळ असेल, दृष्ट लागू नये म्हणून लिहिलेले वचन असेल, मुलाबाळांची नावे असतील. लाल रिफ्लेक्टरची पट्टी आहे काय, आणि असल्यास ती शेणाचिखलाखाली दिसते काय, ते पाहावे. मग पुढे येऊन पिन उपसून पाहावी, आणि तिच्या बुडाशी खिळा किंवा तार असेल तर ती काढून खरी क्लिप बसवावी. पट्टी आणि क्लिप दोन्ही करोंदच्या कुठल्याही दुकानात मिळतात, आणि दोहोंना मिळून जो खर्च येतो, तो पेंटर एक मोर रंगवण्याचे घेतो त्याहून कमी आहे.